जेवण अंगावर येतं तेव्हा

‘जेवल्यावर मला कधी झोप येत नाही’ असं सांगणारी माणसं मला जरा संशयास्पद वाटतात. एक तर ती पोटभर जेवत नसावीत, किंवा आपल्याला झोप लागली होती हे त्यांना कळत नसावं. दुसरी शक्यता जास्त. कारण ही झोप रात्रीच्या झोपेसारखी रीतसर येत नाही. डोळे उघडे असतात, समोरचा बोलतोय हे दिसत असतं, मानही योग्य जागी हलत असते. फक्त मधली दोन-तीन वाक्यं कुठे गेली याचा पत्ता नसतो.

आणि या सुस्तीचा संबंध लोक थेट स्वभावाशी जोडतात. सकाळी कुणी पेंगला तर ‘बरं नाही का रे?’ अशी चौकशी होते. तोच माणूस जेवून पेंगला की आळशी ठरतो. जेवण अंगावर येणं हा जणू गुन्हा, आणि तोही आपखुशीने केलेला.

शाळेत असताना याचं एक कारण ऐकलं होतं. जेवल्यावर रक्त पोटाकडे धावतं, मेंदूला कमी पडतं, म्हणून झोप येते. इतकं सुटसुटीत की शंका काढायचंही जिवावर यावं. त्यातलं अर्धं खरं आहे. जेवणानंतर आतड्यांकडचा रक्तपुरवठा वाढतोच. पण मेंदू आपला वाटा सहजी सोडत नाही. रक्तदाब थोडाफार खाली-वर झाला तरी तिथल्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे रुंद-अरुंद होतात आणि पुरवठा जवळपास तेवढाच ठेवतात. जास्तीचं रक्त लागलं तर हृदय थोडी जादा मेहनत करतं. वयस्कर माणसांत मात्र हा हिशेब कधी कधी बिघडतो. जेवणानंतरच्या दोन तासांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरतो, चक्कर येते, तोल जातो. त्याला सुस्ती समजून सोडून देऊ नये, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

मग झोप आणतं कोण? बोट संप्रेरकांकडे, म्हणजे रक्तातून निरोप नेणाऱ्या हार्मोन्सकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. माणसाने ओळखलेलं पहिलं संप्रेरक सापडलं ते आतड्यातच. १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शोधलेलं सिक्रेटिन. जठरातलं आम्ल पुढे सरकलं की आतडं हा निरोप रक्तात सोडतं आणि स्वादुपिंड कामाला लागतं. म्हणजे संप्रेरकांची सगळी कहाणी सुरूच मुळी जेवणानंतर होते.

पण या गोतावळ्यात मला सगळ्यात आवडतं ते ओरेक्सिन. काटेकोर बोलायचं तर हे मेंदूतल्या चेतापेशींनी सोडलेलं एक रसायन. १९९८ साली दोन गटांना ते वेगवेगळं सापडलं. एकाने त्याला ओरेक्सिन म्हटलं, दुसऱ्याने हायपोक्रेटिन, आणि दोन्ही नावं आजही चालू आहेत. मेंदूत अब्जावधी चेतापेशी. त्यांतल्या हे रसायन बनवणाऱ्या जेमतेम काही दहा हजार, त्याही मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात एका कोपऱ्यात बसलेल्या. पण आपण जागे राहतो ते बऱ्याच अंशी त्यांच्या जिवावर. नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराच्या अनेक रुग्णांमध्ये याच पेशी नाहीशा झालेल्या असतात, आणि तो माणूस बोलता बोलता झोपेत जाऊ शकतो.

गंमत अशी की याच पेशी भुकेचाही कारभार बघतात. उंदरांच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की आजूबाजूला ग्लुकोज वाढलं की त्या गप्प होतात. जागेपणा आणि भूक एकाच ठिकाणी का बांधली असावी, याचा विचार केला की सगळं सरळ दिसू लागतं. भुकेल्या प्राण्याला झोपून चालत नाही. त्याला हिंडायचं असतं, हुंगायचं असतं, सावध राहायचं असतं. पोट भरलं की हिंडण्याचं कारण संपतं. रिकाम्या पोटी अंथरुणावर तळमळणं आणि भरल्या पोटी खुर्चीत कलंडणं ही एकाच सोयीची दोन टोकं. माझ्या दुपारच्या जांभईत एवढा जुना शहाणपणा आहे हे कळल्यापासून मी ती दाबत नाही; तोंडावर हात ठेवतो, इतकंच.

त्याच प्रयोगांच्या मालिकेत असंही दिसलं की प्रथिनांतली अमिनो आम्लं या पेशींना जागं ठेवतात. झालं, उत्तर मिळालं असं वाटतं. पण २०१६ साली फळमाश्यांवरचा एक अभ्यास आला. माश्याही भरपेट खाऊन झोपतात (हे वाचून मला विनाकारण आनंद झाला), आणि त्यांना झोप आणतात ती प्रथिनं, मीठ आणि खाण्याचं एकूण प्रमाण, साखर नव्हे. उंदराचं ऐकावं तर साखर सांभाळा, माशीचं ऐकावं तर प्रथिनं. माणूस या दोघांच्या मध्ये ताट घेऊन बसलेला. मोठं जेवण जास्त जड पडतं, एवढ्यावर मात्र त्या माश्यांचं आणि माझं एकमत आहे.

ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पिष्टमय पदार्थ खाल्ले की इन्सुलिन वाढतं. ते रक्तातली बरीचशी अमिनो आम्लं स्नायूंत ढकलतं. ट्रिप्टोफॅन मात्र बहुतेक अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला धरून बसलेलं असल्याने मागे राहतं, गर्दी ओसरल्यावर मेंदूत शिरतं आणि तिथे त्याचं सेरोटोनिन हे झोपेशी जोडलं जाणारं रसायन होतं. रसायनशास्त्र चोख आहे. पण जेवणात थोडी जरी प्रथिनं असली तरी हा परिणाम बोथट होतो, आणि नुसतं पिष्ट असं आपण सहसा जेवत नाही. त्यामुळे या गोष्टीला मिळालेली प्रसिद्धी मला जरा जास्तच वाटते. त्या मानाने कोलेसिस्टोकायनिन या आतड्यातल्या संप्रेरकाचं नाव कुणी घेत नाही, कदाचित उच्चारताना जीभ अडखळते म्हणून. तेलकट-तुपकट आतड्यात उतरलं की ते स्रवतं, जठराचा वेग कमी करतं, ‘पुरे आता’ असा निरोप मेंदूला देतं. स्निग्ध जेवणानंतरच्या गुंगीशी त्याचा संबंध जोडला जातो.

आता एक गंभीर परिच्छेद, तो टाळणं बरं नव्हे. सुस्ती रोजची असेल, थोडं खाऊनही येत असेल, सोबत तहान, वारंवार लघवी किंवा वजनात बदल असेल, तर रक्तातली साखर तपासावी. जेवणानंतर दोन तासांनी ती दर डेसिलिटर रक्तात साधारण १४० मिलिग्रॅमच्या आत असायला हवी. काहींच्या बाबतीत उलटं होतं: इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि दोन ते चार तासांनी साखर एकदम खाली येते, घाम, थरथर, गळून गेल्यासारखं वाटणं. थायरॉइड मंदावलेली असली किंवा हिमोग्लोबिन कमी असलं तर थकवा दिवसभर असतोच, जेवणानंतर तो फक्त उठून दिसतो. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, तेही झोपेकडे ओढतं. रात्री घोरणाऱ्यांनी तर दुपारच्या जेवणाला बोल लावण्याआधी रात्रीच्या झोपेची चौकशी करावी.

हे सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती जेवणाची बाजू घेणारी आहे. दुपारी एक ते चारच्या दरम्यान माणसाची सावधता आपोआप उतरते, तो जेवला नाही तरी. सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत शिखर गाठणारं कॉर्टिसॉल हे सावध ठेवणारं संप्रेरक तोवर बरंच खाली आलेलं असतं, आणि जागेपणाचा एकेक तास मेंदूत ॲडेनोसिन हे झोपेची ओढ लावणारं रसायन साठवत असतो. शरीराचं घड्याळच त्या वेळी थोडं कलतं. जेवण नेमकं त्याच वेळी येतं आणि सगळा आळ आपल्यावर घेतं. कॉफी ॲडेनोसिनची जागा अडवते, त्याचा साठा कमी करत नाही. जेवणानंतर थोडं चालणं त्याहून बरं, कारण चालते स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. मी चालतो. जांभई येतेच, पण निदान उभ्याने येते.

बाकी माझी तक्रार जेवणाबद्दल नाही, संप्रेरकांबद्दल तर नाहीच. ती दुपारी दोनला बैठक ठेवणाऱ्यांबद्दल आहे. बैठक ठेवा बापडे, पण निदान खोलीतले दिवे मालवून भिंतीवर तक्ते तरी दाखवू नका.