निऱ्या कुठे आहेत?

सकाळी साडेदहाला ट्रायल सुरू झाली आणि पावणेअकराला नाचणाऱ्या मुलीच्या कमरेत सेफ्टी पिन घुसली. रक्त फारसं आलं नाही, पण ती जी दचकून थांबली, ती पुढचं पाऊल टाकेचना. शो संध्याकाळी सातला.

जुन्या हिंदी गाण्यांवरचा नाचाचा कार्यक्रम होता, कपडे माझ्याकडे. त्यात 1968 च्या ‘ब्रह्मचारी’तलं शम्मी कपूर-मुमताजचं ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’. संयोजकांनी फोटो पाठवून सांगितलं होतं, “अशीच नारिंगी साडी हवी.” मी ‘साडी’ एवढंच वाचलं आणि साडीच आणली. जॉर्जेटची, काठाला सोनेरी लेस लावून घेतलेली. चापूनचोपून नेसवली, वर बत्तीस पिना. पहिल्याच कडव्यात निऱ्या पायात आणि पदर कोपरावर.

“ताई, नेसवायची का शिवायची, ते आधी ठरवा,” आमचे टेलर मास्टर म्हणाले. ते कधीच आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं.

मेकअप रूमच्या कोपऱ्यात मोबाइलवर गाणं लावलं आणि थांबवत थांबवत बघितलं. हे गाणं मी शंभरदा तरी पाहिलं असेल, पण मुमताजचा चेहरा सोडून नजर खाली गेली ती त्या दिवशी. समोर निऱ्याच नव्हत्या! कापडाचे थर अंगाला घट्ट बसून तिरपे वर चढत गेलेले, प्रत्येक थराच्या कडेला सोनेरी पट्टी. ही नेसलेली साडी नव्हतीच. आधीच शिवून ठेवलेली, चेन लावून अंगात चढवायची.

ती वेशभूषाकार भानू अथैय्यांची. आमच्या धंद्यात त्यांचं नाव निघालं की ‘गांधी’ सिनेमा आणि 1983 चं ऑस्कर. जॉन मोलो यांच्यासोबत विभागून मिळालेलं. मीही त्यांना खादीपुरतंच धरून बसले होते. पण कोल्हापूरच्या या माहेरच्या भानुमती राजोपाध्ये मुळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या चित्रकार. ‘ईव्ह्ज वीकली’ या साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटनं करता करता कपड्यांकडे वळल्या. ‘आम्रपाली’ सिनेमात वैजयंतीमालाला सजवताना अजिंठ्याची चित्रं अभ्यासली. मोबाइलच्या पडद्यावर त्या तिरप्या सोनेरी रेघा बघताना मला तरी वाटलं, ही आधी कागदावर ओढलेली रेघ आहे. सुई मागून आली.

हे सगळं सुचायला वेळ होता असं नाही. अकरा वाजून गेले होते.

मास्टरांनी कात्री माझ्या हातात दिली. “तुम्हीच घाला.” अख्खी, फॉल-बिडिंग झालेली साडी कापायची म्हणजे पोटात गोळाच येतो. घातली.

आधी सुती अस्तराचा स्कर्ट, नडगीपर्यंत अगदी अंगाबरोबर. मागे गुडघ्याच्या वरपर्यंत कट, नाहीतर ट्विस्ट करताना पाय वाकणारच नाही. मग त्यावर थर, खालून वर. खरी गोम इथे होती. पहिले दोन थर मी दोन्ही कडांनी शिवले आणि मुलगी जरा वळताच कापड करकरून ताणलं. मास्टरांनी बोलता बोलता खालची टीप उसवली. थर फक्त वरच्या कडेला अस्तरात अडकवायचा, काठ मोकळा सोडायचा. मग अंग हललं की थर एकमेकांवरून सरकतात, मागचा कटही झाकला जातो. पदर सुद्धा खांद्यावर ब्लाउजला टाके घालून पक्का केला. डाव्या बाजूला चेन.

पावणेसातला त्याच चेनमध्ये जॉर्जेटचा धागा अडकला. मुलगी श्वास रोखून उभी, मी गुडघ्यांवर, दातात पिन. ओढली तर कापड फाटणार. मास्टर कुठून तरी मेणबत्तीचा तुकडा घेऊन आले, चेनच्या दातांवर वरखाली घासला, सुईच्या टोकाने धागा सोडवला आणि चेन सरकन वर गेली.

“आता बसू का?” तिने विचारलं.

“अजिबात नाही.”

एंट्रीपर्यंत ती विंगेत खांबाला टेकून उभी राहिली, स्ट्रॉने पाणी पीत. नाचली मात्र अशी, की शेवटच्या गिरकीला पुढच्या रांगेतल्या एक आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मी खरं तर नाच पाहिलाच नाही. तिच्या डाव्या कुशीकडे डोळे लावून बसले होते.

गाणं संपलं, ती आत आली. चेन एका झटक्यात खाली, आणि ब्लाउज-लेगिंग्जवर ती तशीच जमिनीवर फतकल मारून बसली. मास्टरांनी साडी उचलून उजेडात धरली. तिसऱ्या थराची लेस दोन इंच सुटली होती.

“रविवारी परत शो आहे ना?” म्हणत त्यांनी सुईत दोरा ओवला.