आवाज फुटल्यावरचं डबिंग

मुलगा माइकसमोर उभा राहिला, "सर, वही घरी राहिली" एवढंच बोलला, आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं. पडद्यावर आठवीतला कोवळा पोरगा आणि स्पीकरमधून घोगरा आवाज. शूटिंग जूनमधलं, डबिंग मार्चमध्ये. मधल्या नऊ महिन्यांत त्याचा आवाज फुटला होता आणि ते स्टुडिओला कुणी कळवलंच नव्हतं.

दिग्दर्शक म्हणाले, "पिच वाढवून बघा ना." करून ऐकवलं. दोनेक सेमीटोनपर्यंत, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून दोनेक पट्ट्या वर नेईपर्यंत, आवाज माणसाचा वाटतो. इथे सहा हवे होते. तेवढं चढवलं की खेळण्यातली बाहुली बोलते, कारण सुराबरोबर घशातोंडातला घुमारही वर सरकतो. घुमार जागच्या जागी ठेवणारं सॉफ्टवेअर आहे, पण त्यात स आणि श चरचरायला लागले.

मग सेटवरचा मूळ ध्वनी उघडला. त्याची एकूण ४१ वाक्यं. कपड्यांवर लावलेल्या लॅपल माइकवर गणवेशाची खसखस, काठीवरून डोक्यावर धरलेल्या बूम माइकवर पंख्याची घरघर. न वापरलेल्या टेकमधून कुठे शब्द, कुठे अर्धं वाक्य उचलत २६ वाक्यं वाचवली. अशा जोडांखाली अंथरायला त्याच वर्गाची रिकामी शांतता लागते. सेटवरच्या ध्वनिमुद्रकाने ती अर्धा मिनिट घेऊन ठेवली होती, म्हणून निभावलं. बारा ते चौदा वयाची मुलं असली की मी आता आधीच सांगतो: सीन संपला की पंखे बंद करा आणि सगळी वाक्यं तिथेच, कॅमेऱ्याशिवाय, पुन्हा बोलवून घ्या.

उरली १५. नऊ ठिकाणी तो पाठमोरा किंवा लांब होता. तिथे अकरा वर्षांच्या दुसऱ्या मुलाचा आवाज घेतला. गोष्ट साताऱ्याकडची, म्हणून मुलगाही तिकडचाच शोधला. हेल चुकला असता तर आवाज जुळूनही उपयोग नव्हता.

चार वाक्यं मागच्या बाकावरची, तीही क्लोजअपमध्ये. ती मूळ मुलाकडूनच कुजबुजत म्हणवून घेतली. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, त्यामुळे सूरच नसतो आणि फुटलेला आवाज कळत नाही. ओठ मात्र जुळावेच लागतात. सेकंदाला २४ फ्रेम. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, तिथे दोन-तीन फ्रेमचा फरकही डोळ्यांना खुपतो. एका वाक्याला अकरा टेक लागले.

शेवटची दोन गच्चीवरची, मैत्रिणीशी बोलतानाची. कथेत मे महिन्याची सुट्टी उलटून गेलेली. इथे त्याचाच नवा आवाज राहू दे, असा मी हट्ट धरला. या वयाच्या चित्रपटांत मिसरूड रंगवून दाखवतात, पण आवाज पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत एकच ठेवतात, हे मला कायम खोटं वाटत आलंय. "तू येणार नाहीस का?" म्हणताना त्याचा 'नाहीस' मध्येच चिरकला. तो लाजला, पुन्हा घेऊ म्हणाला. घेतला. स्वच्छ आला. त्याला आणि त्याच्या आईला दोन्ही ऐकवले, चिरकलेला ठेवायला दोघांनी होकार दिला, तेव्हाच तो दृश्यावर बसवला.