पैदाशीच्या कोंबड्यापर्यंत : आमची वाटचाल

भोर तालुक्यात आम्ही गावरान कोंबड्यांचा व्यवसाय सुरू केला तेव्हा विकायला केवळ अंडी होती. पुढे लसीकरण केलेल्या तलंगा (अंड्यावर येण्याआधीच्या तरुण कोंबड्या) देऊ लागलो आणि आता आमची ओळख आहे ती पैदाशीच्या कोंबड्यासाठी. हा बदल ठरवून झाला नाही, ग्राहकांच्या तक्रारींतून झाला. तलंगा नेलेली मंडळी वर्षभराने परत येत आणि सांगत, की कोंबड्या वेळेवर खुडूक होतात (अंडी उबवायला बसतात), पण डझनभर अंड्यांतून चार-पाचच पिल्ले निघतात आणि तीही आईच्या अंगलोटाची होत नाहीत. चौकशी केल्यावर कारण बहुधा एकच निघे. आखाडात किंवा गावच्या जत्रेला घरातला सर्वांत भरलेला, डौलदार कोंबडा कापला जातो किंवा चढ्या भावाने विकला जातो. मागे उरतो तो गिऱ्हाईकाने नाकारलेला, खुरटलेला नर, आणि पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच ठरतो. त्यात तो स्वतःच्याच पिल्लांच्या तलंगांवर राहिला की वाण आणखी बिघडतो. कोंबडी निवडताना माणसे दहा प्रश्न विचारतात, पण निम्मे रक्त ज्याचे येणार तो कोंबडा मात्र उरलासुरला चालतो, ही विसंगती लक्षात आल्यावर आम्ही नर वेगळे वाढवू लागलो.

साधारण तीन-चार महिन्यांचा नर फाटक्या आवाजात आरवू लागतो, तेव्हा त्याचा स्वभाव अजून ठरलेला नसतो. या वयात तो कोंबड्यांच्या मागे नुसता धावतो, चोचीने मानेची पिसे धरून ओढतो, आणि हे पाहून पुष्कळ जण त्याला वाईट ठरवतात. आम्ही एक वर्षाच्या आत कोणताही नर पैदाशीसाठी देत नाही. वर्षभराचे खाद्य अंगावर पडते आणि त्यामुळे भाव बाजारातल्या कोंबड्यापेक्षा बराच वर जातो, यावरून घासाघीस होते. तरी या बाबतीत आम्ही तडजोड केलेली नाही.

नरांच्या वाड्यात पहिले काम म्हणजे त्यांची उतरंड ओळखणे. कोंबड्यांमधील ही चोचीची उतरंड, म्हणजे कोण कोणाला चोच मारू शकतो याचा क्रम, नॉर्वेचे थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडली. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले, की पहाटे सर्वांत वरच्या क्रमांकाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने मागून आरवतात. त्यामुळे कोणाचा मान कितवा, हे अंथरुणात पडल्या पडल्या कळते. मात्र वाड्यातला पहिला नर म्हणजे उत्तम नर, असे आम्ही मानत नाही, कारण भांडणात जिंकणे आणि कळप सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत.

खरी पारख कोंबड्यांमध्ये सोडल्यावर होते. नराच्या पुढ्यात मूठभर बाजरी टाकावी आणि पाहत राहावे. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, पुन्हा खाली टाकतो, मान खालीवर करीत ‘कुक कुक कुक’ असा भराभर आवाज काढतो आणि कोंबड्या धावत येऊन टिपू लागल्या की स्वतः बाजूला उभा राहतो. जो आधी आपले पोट भरतो, तो आमच्या यादीतून जातो. (खायला काही नसतानाही असा आवाज काढून लांबच्या कोंबडीला बोलावणारे लबाड नर असतात, पण त्यांना आम्ही माफ करतो.) एक पंख जमिनीला घासत कोंबडीभोवती अर्धे वर्तुळ घेणारा नर मादीची तयारी पाहतो, झडप घालणाऱ्यापेक्षा तो आम्हाला अधिक पसंत. घार दिसली तर लांबट, बारीक एकच सूर आणि कुत्रे किंवा मांजर आले तर ठसक्यात ‘क्याक क्याक’, असे दोन निराळे इशारे तो देतो. मोकळ्या परसात हा गुण वजनापेक्षा मोलाचा आहे. तुरा लालभडक, पायाची बोटे सरळ आणि छातीचे हाड न वाकलेले, एवढे शरीराचे पाहिले की पुरते.

माणसावर झेपावणारा नर आम्ही विकत नाही. स्वभाव रक्तात उतरतो, याला पिढ्यान्‌पिढ्या लढाऊपणासाठी निवडलेला असील जातीचा कोंबडा हाच पुरावा आहे. झुंजीसाठी असील मागायला येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणे गुन्हा आहे. गिरिराजसारख्या सुधारित जातीचा जड नर लहान गावरान कोंबड्यांवर सोडू नये, त्यांच्या पाठी सोलवटतात.

2020 च्या सुरुवातीला, कोंबडीमुळे करोना होतो अशी अफवा पसरून बॉयलरचा बाजार कोसळला, आणि नंतरच्या टाळेबंदीत गावी परतलेली मंडळी परसात पाच-सहा कोंबड्या पाळण्याची चौकशी करू लागली. त्यांतील पुष्कळांना आम्ही कोंबडा दिला नाही. केवळ खाण्यापुरती अंडी हवी असतील तर नराची गरजच नसते, आणि पाचच्या आत कोंबड्या असतील तर त्याच्या सततच्या चढण्याने त्यांची पिसे गळतात; आठ ते दहा कोंबड्यांना एक नर हे प्रमाण योग्य. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर विचारच नको. आरवणे हे शरीरातील घड्याळावर चालते, हे नागोया विद्यापीठातच 2013 मध्ये सिद्ध झाले. तेव्हा कोंबडे झाकून तांबडे तर थांबत नाहीच, त्याचे आरवणेही थांबत नाही.

दोन वर्षांनी नर बदलून देण्याची सोय आम्ही ठेवली आहे. नवा कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवून, जुना काढल्यानंतर अंधार पडल्यावर खुराड्यात सोडावा. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकून राहते, म्हणून नवा नर सोडल्यापासून तीन आठवडे मिळणारी अंडी उबवायला न ठेवता खाऊन टाकावीत, असे आम्ही प्रत्येक पावतीवर लिहून देतो.