मस्तानी आरवली

आखाड लागून चार-पाच दिवस झाले असतील. दुपारी जेवणं उरकून मागच्या पायरीवर जरा टेकले होते, पाऊस आत्ताच थांबलेला, पत्र्यावरून पागोळ्या चालू, आणि कुठूनतरी गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला. वाटलं शेजारचं गेट असेल. परत आला. मग उठून बघितलं तर पेरूखाली आमची मस्तानी, मान ताणलेली, डोळे मिटलेले, सगळा जीव घशात आणून आरवत होती. म्हणजे आरवत होता.

मला पाहिल्यावर एकदम गप्प झाला आणि खाली वाकून काहीतरी टिपल्यासारखं केलं. तिथं टिपण्यासारखं काही नव्हतं.

मस्तानी हे नाव लेकीनं ठेवलेलं, पिल्लू सोनेरी होतं आणि चालायचं ठुमकत म्हणून. खरं तर पंधरा दिवस आधीपासून मला शंका होती. तुरा जरा जास्तच लाल होत चाललेला, पाय जाड, शेपटीत एक-दोन पिसं वाकडी लांब आलेली. पण नाव ठेवून झालं होतं, मग कोण बोलणार. त्या संध्याकाळी मी एकेकाला पकडून नीट बघितलं. सात पिल्लांपैकी पाच कोंबडे. दोनच तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या.

हे सगळं सुरू झालं एप्रिलच्या शेवटी. आम्ही राहतो पुण्यात, पाषाणच्या जुन्या गावठाणात, मागे थोडी जागा आहे, तिथं काळी आणि भुरी अशा दोन कोंबड्या होत्या, कोंबडा नाही. सकाळी दोन अंडी, कधी एक, उन्हाळ्यात तेही नाही. एवढंच. पण लेकीला पिल्लं हवी होती. मग पौडच्या नणंदेकडून बारा गावरान अंडी आणली, एकेक पेपरात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीत, चांदणी चौक येईपर्यंत मी श्वास धरूनच चालवत होते. नणंदेच्या सासूबाईंनी अंडी स्वतः निवडून दिली. टोकदार अंड्यात कोंबडा असतो आणि वाटोळ्यात तलंग, म्हणून सगळी वाटोळी. पाच कोंबडे निघाल्यावर मी त्यांना फोन केला तर म्हणाल्या, गाडीवर हादरली असतील.

आता हे काही खरं नाही हे मलाही माहितीये. पिल्लू नर का मादी ते कोंबडीकडून येणाऱ्या अर्ध्यावरच ठरतं, कोंबड्याचा त्यात काही हात नसतो. माणसात बरोबर उलटं. म्हणजे कोंबड्यांच्यात एखाद्या सासूनं सुनेला बोल लावला तर तो निदान शास्त्राला धरून तरी असेल.

अंडी आली पण काळी खुडूक होईना, म्हणजे उबवायला बसेना. हिला नको तेव्हा वर्षातून तीनदा खुडूक व्हायचं असतं. रिकाम्या पाटीत भाकरीसारखी पसरून बसते, हात नेला की पिसं फुगवून टोचते, दिवसातून एकदा उठते, घाईघाईत चार दाणे, घोटभर पाणी, आणि एक एवढी मोठी घाण टाकते की विचारू नका, की परत आत. तेव्हा तिला पाण्यात बुडवा, उचलून दुसरीकडे ठेवा, ढिम्म. माझी आजी तर नाकात पीस ओवायची खुडूक मोडायला. मला ते बघवायचं नाही. पण आता खरंच बसायची गरज होती तर बाई सगळ्या अंगणभर उंडारतायत.

शेवटी थर्माकोलचं खोकं केलं. औषधाच्या दुकानातून फुकट मिळालं, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, तापमान बघून चालू-बंद होणारं सर्किट, आणि पिवळा बल्ब. तो बल्ब शोधायला तपकीर गल्लीत अर्धा दिवस गेला. जिथं जाईन तिथं एलईडी दाखवतात. अहो मला उजेड नकोय, उष्णता हवीये, असं सांगितल्यावर दुकानदार ज्या नजरेनं बघतो ती नजर मी पाच वेळा झेलली. सहाव्याकडे धूळ खात पडलेला एक चाळीसचा होता, त्यानं तो असा पुसून दिला की जणू वडिलोपार्जित आहे.

साडेसदतीस अंश ठेवायचं, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलनं. वाटीत पाणी. एवढंच करायचं, पण एकवीस दिवस करायचं, आणि मधे दोनदा लाईट गेली तेव्हा खोक्याभोवती घरातली सगळी दुलई गुंडाळून आम्ही भोवती बसलो, कुणाला तरी ताप आल्यासारखे. उलट मेच्या दुपारी घरच इतकं तापायचं की बल्ब तास-तास लागायचाच नाही आणि मला वाटायचं तो गेला. तपकीर गल्लीतला शेवटचा बल्ब.

सातव्या रात्री अंधार करून मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरली. दोन कोरी, आरपार पिवळा उजेड. बाकीच्यांत लाल शिरांचं जाळं आणि मधे एक ठिपका, आणि तो हलत होता. लेक काहीच बोलली नाही, तिनं फक्त अंडं परत ठेवताना दोन्ही हात लावले.

आजीकडे टॉर्च नव्हता, ती उन्हाच्या कवडशात धरायची. भोरकडचं घर, मातीची भिंत, भिंतीतल्या कोनाड्यात पाटी, पाटीत भुस्सा, भुश्शात अंडी आणि अंड्यांच्या मधे एक खिळा. वळवाचा गडगडाट झाला की अंडी नासतात म्हणून लोखंड. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी कोमट पाण्याच्या घमेल्यात एकेक अंडं सोडायची, जे जित्तं ते पाण्यात थरथरतं. मला ते थरथरणं अजून दिसतं, चिमुकल्या वर्तुळांची लाट, आणि आजी म्हणायची, “बघ, आतून दार वाजवतंय.” मग पदरानं अंडं पुसून कोंबडीच्या पोटाखाली. कोंबडी तिला टोचायची नाही. मला टोचायची.

आमच्या खोक्यात विसाव्या रात्री आवाज आला. अंडं फुटायच्या आधीच आतून चिवचिव ऐकू येते हे माहीत असूनही आम्ही दचकलो. मग कवचावर चांदणीसारखी एक चीर. आणि मग काही नाही. तास गेला, चार गेले, लेक रडकुंडीला, आई थोडंसं सोलूया ना, मी नाही म्हटलं, कारण आतल्या पडद्यातलं रक्त पुरतं आटलेलं नसतं, घाई केली तर पिल्लू जातं. चौदा तास लागले पहिल्याला. बाहेर पडलं तेव्हा ओलं, काळपट, इतकं कुरूप की नवरा म्हणाला हे नक्की कोंबडीचंच ना. सकाळपर्यंत कापसाचा गोळा. तीच ही मस्तानी.

दहापैकी सात निघाली. तीन आतच राहिली. त्यांचं काय झालं ते मी एकटीनं, सगळे झोपल्यावर बघितलं आणि पेरूखाली पुरलं.

नंतरचे दोन महिने सोपे होते. सातव्या दिवशी मानमोडी रोगाच्या लशीचा थेंब डोळ्यात टाकला, त्या लशीची, लासोटाची, सगळ्यात छोटी बाटली शंभर पिल्लांची येते आणि एकदा कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे उरलेले त्र्याण्णव डोस घेऊन मी गल्लीत कुणाकडे पिल्लं आहेत का विचारत होते. नव्हती.

आम्ही लहान असताना गल्लीत पिल्लं यायची. तुमच्याकडेही यायची, मला माहितीये. सायकलच्या कॅरियरला जाळीची टोपली आणि त्यात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं, दोन रुपयाला एक. तेव्हा आम्ही दापोडीला क्वार्टर्समध्ये. भावानं आणि मी चार घेतली, बुटाच्या खोक्यात ठेवली, त्यातली तीन एका आठवड्यातच गेली. चौथं गुलाबी, जगलं. गुलाबी उतरून पांढरं झालं आणि पांढरा राजा झाला. कुणाच्याही घरी जगलेलं ते रंगीत पिल्लू बहुतेक कोंबडाच निघायचं, कोंबडी क्वचितच, हे लक्षात आलंय का कधी? मला ते कळायला चाळिशी उजाडली. हॅचरीत अंडी देणाऱ्या जातीची पिल्लं निघतात तेव्हा पहिल्याच दिवशी नर आणि माद्या वेगळ्या करतात. माद्या पुढे पोल्ट्रीत. ते नर अंडी देणार नाहीत आणि खाण्याइतकं वजनही धरणार नाहीत, म्हणजे कुणालाच नको. मग त्यातले काही रंगवून टोपलीत. पोटात अंड्यातलं बलक शिल्लक असतं म्हणून दोनेक दिवस दाणापाण्यावाचून निभतं, तेवढ्यात सायकल गल्लीपर्यंत पोचते. आम्ही तेव्हा गुलाबी का हिरवं यावरून भांडत होतो.

राजा क्वार्टर्समध्ये आरवायला लागल्यावर बाबांनी त्याला आजीकडे पोचवला. दिवाळीत गेलो तेव्हा राजा नव्हता. आजी म्हणाली, “घारीनं नेला गं.” मी आभाळाकडे बघून घारीला शिव्या दिल्या आणि जेवायला बसले. घार दोन-अडीच किलोचा कोंबडा उचलत नाही. हेही मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी जेवायला काय होतं ते मात्र मी कधी आठवून बघितलेलं नाही.

असो. तर पाच कोंबडे. एकमेकांच्या अंगावर झोपणारे भाऊ आठवड्याभरात एकमेकांचे तुरे फोडायला लागले. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या असाव्यात म्हणतात, आमच्याकडे पाच कोंबड्यांना चार, त्यात काळी त्यांच्या आजीच्या वयाची. भुरीच्या पाठीवरची पिसं गेली, लालबुंद कातडी दिसायला लागली, बिचारी दिवसभर चुलीच्या लाकडांमागे लपून. आणि मस्तानी सगळ्यांचा दादा. रोज पहाटे तोच पहिला, मग बाकीचे क्रमानं. जपानात नागोया विद्यापीठातल्या लोकांनी हे तपासलंय, 2015 साली छापून आलं, की कळपात जो सगळ्यात वरचा तो आधी आरवतो आणि खालचे आपली पायरी सांभाळून मागून. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगला हे लोक आले असते तर एवढे कोंबडे पाळायची गरज पडली नसती.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू गेटपाशी भेटल्या. “तुम्ही किती छान गावाकडचं वातावरण जपलंयत हो. फक्त पहाटे साडेतीनला ते तितकंसं छान वाटत नाही.”

मग आम्ही झाकायला लागलो. डालगं, त्यावर पोतं, पोत्यावर जुनी चादर. म्हण लहानपणापासून पाठ आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहात नाही, पण त्या म्हणीत कोंबडा गप्प बसतो असं गृहीत धरलंय, आणि मी सांगते, बसत नाही. नागोयाच्याच लोकांनी 2013 मध्ये दाखवलं की दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवले तरी कोंबडे वेळेवरच आरवतात, घड्याळ त्यांच्या अंगात असतं, आणि उजाडायच्या तासदोन तास आधीपासूनच सुरू होतं. चादरीतून आवाज फक्त जरा घोगरा यायचा. डालगं बुटकं असेल तर मान ताणता येत नाही म्हणून आरवत नाहीत म्हणे. तसं आणलं आम्ही. आत त्याला अर्धवट वाकलेला बघितला आणि मीच काढून ठेवलं.

आमच्या कामाच्या मावशी हे सगळं बघत होत्या. त्या आखाडाच्या तिसऱ्या मंगळवारी म्हणाल्या, “ताई, तुमाला जड झालेत ना? आमच्याकडं देवीचं राहिलंय. विकत आणायचा तर गावरान कोंबडा लय महाग पडतोय.” मी म्हटलं चार घेऊन जा. त्या मस्तानीकडे बघत राहिल्या. देवीला चांगला तुऱ्याचा लागतो.

आता आम्ही काही शाकाहारी नाही. रविवारी नवरा दुकानातून एक किलो आणतो, पिशवीतून, मी ते धुते आणि कुणाचं नाव काय होतं असा प्रश्न मला कधी पडलेला नाही. त्यामुळे मी तोंड उघडायला मोकळी नव्हतेच. पाचही दिले. त्यांच्या मुलानं पाय बांधून दुचाकीच्या हँडलला उलटे लटकवले, मी म्हटलं उलटे नको, तर दोन पिशव्यांत घातले, तोंडं बाहेर. मस्तानी गेटातून बाहेर पडेपर्यंत इकडेतिकडे बघत होता, नवीन जागा बघावी तसा.

लेक क्लासहून आली. मागे गेली, दोन तलंगा, काळी, भुरी मोजून परत आली. मस्तानी कुठाय?

घार तोंडापर्यंत आली होती. पाषाणच्या तळ्यावर घारी आहेतही भरपूर. पण ती आठवीत आहे आणि माझ्यासारखी बावळट नाही, आणि म्हटलं आता खोटं कशाला, म्हणून जे होतं ते सगळं सांगितलं, देवीसकट. ती ऐकून खोलीत गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

आजीशी मी एक दिवसही अबोला धरला नव्हता.