इथे जादा वेळ नसतो

१० ऑगस्ट २०२५, रविवार. आदल्या दिवशी राखीपौर्णिमा झालेली, त्यामुळे सांगलीतल्या आमच्या कचेरीत निम्मी माणसं गावाकडंच होती. क्रीडा पान माझ्याकडं होतं, शिवाय मिरज रस्त्यावरच्या एका अपघाताची बातमीही मलाच बघायची होती. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान साडेनऊला सुटतं. शहर आवृत्ती त्यानंतर.

साडेसातला लंडनच्या वेम्बली मैदानावर फुटबॉलचा कम्युनिटी शील्ड सामना सुरू झाला. इंग्लंडचा लीगविजेता आणि एफए कपविजेता यांच्यात हंगामाच्या तोंडावर होणारा हा सामना १९०८ पासून चालत आलाय. यंदा लीगविजेता लिव्हरपूल होता आणि कप क्रिस्टल पॅलेसकडं. पानाच्या आराखड्यात त्याला तळाशी एका कॉलमची जागा दिलेली. वृत्तसंपादक म्हणाले, "हा नुसता सरावाचा सामना. कोण वाचतंय?" मी दोन कॉलम मागितले आणि भांडून घेतले.

त्या भांडण्यामागं कारण होतं. पॅलेस हा १९०५ चा क्लब. त्यांना पहिला मोठा करंडक मिळाला तो १७ मे २०२५ ला, मँचेस्टर सिटीला १-० हरवून. एझेचा गोल आणि पॅलेसचा गोलकीपर हेंडरसननं अडवलेली मार्मूशची पेनल्टी, एवढ्यावर तो सामना निघाला. एकशेवीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसांना सराव कसला?

सामन्याआधी लिव्हरपूलचा खेळाडू दिओगो जोटासाठी सगळे स्तब्ध उभे राहिले. ३ जुलैला स्पेनमध्ये मोटारीच्या अपघातात तो आणि त्याचा भाऊ गेले, तेव्हाही पान माझ्याकडंच होतं. जोटाच्या लग्नाला अकरा दिवस झालेले. इकडं अपघाताच्या बातम्या आम्ही रोज हाताळतो, टायर फुटला, गाडी उलटली, वय अमुक. हाताला सवय झालीय. त्या दिवशी मात्र वय टाइप करताना बोटं थांबली. २८. वेम्बलीवरची ती स्तब्धता काही प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे रेफरीला मध्येच आटोपती घ्यावी लागली. कुणाचंही रंगाचं वेड एवढं नसावं. ते वाक्य मी बातमीत ठेवलं आणि जागा कमी पडली तरी कापलं नाही.

चौथ्या मिनिटाला लिव्हरपूलच्या एकिटिकेचा गोल. मग पॅलेसच्या मटेटाची पेनल्टी, बरोबरी. एकविसाव्या मिनिटाला फ्रिम्पाँग, पुन्हा लिव्हरपूल पुढं. नऊच्या सुमारास मथळा तयार होता, "लिव्हरपूलचं शील्ड". पान जवळजवळ लागलेलं. आणि ७७ व्या मिनिटाला इस्माईला सारनं २-२ केलं.

नव्वद मिनिटं संपली तेव्हा घड्याळात नऊ वाजून वीस-पंचवीस. वृत्तसंपादक माझ्यामागं येऊन उभे राहिले. "आता तीस मिनिटं जादा, मग पेनल्टी. दहा वाजतील. बरोबरी म्हणून सोड पान."

"साहेब, या सामन्यात जादा वेळ नसतो. थेट पेनल्टी."

बाजूच्या टेबलावरचे जुने सहकारी म्हणाले, बरोबरी झाली तर शील्ड दोघांत वाटून देतात, सहा-सहा महिने. तेही खोटं नव्हतं. १९९१ मध्ये आर्सेनल आणि टॉटनहॅम यांनी तसंच वाटून घेतलं होतं. पण १९९३ पासून निकाल पेनल्टीवर. मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, मग गाडीवाल्याला फोन लावला. "आटपाडीची गाडी जरा थांबव."

लिव्हरपूलच्या सालाहची पहिलीच पेनल्टी बारवरून गेली. हेंडरसननं मॅक अ‍ॅलिस्टरची अडवली, नंतर इलियटची. पॅलेसच्याही दोन वाया गेल्या, एझेची अ‍ॅलिसननं अडवली, सोसाची बारला लागली. शेवटी जस्टिन डेव्हेनी नावाच्या तरुण पोरानं चेंडू जाळ्यात घातला. ३-२.

आता मथळा. पान लावणाऱ्या भाऊंनी आपणहून टाइप केलं, "लिव्हरपूलला धक्का". सवयीचा मथळा, मापात बसणारा. मी म्हटलं, "भाऊ, हा नको."

विशीत मी मिरजेच्या एका संघात गोलकीपर होतो. कोल्हापूरच्या एका नावाजलेल्या तालमीच्या संघाला आम्ही एकदा हरवलं. त्या दिवशी मी दोन पेनल्ट्या अडवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर जाऊन पेपर घेतला, तर मथळ्यात होतं की अमुक संघ पराभूत. कुणाकडून, ते शेवटच्या ओळीत, आमचं नावही चुकवून. त्या कात्रणाकडं बघून आमचा कॅप्टन म्हणाला होता, "आपण जिंकलोच नाय रं, त्ये हरल्यात फकस्त."

म्हणून दोन कॉलमांत मी बसवलं, "शील्ड पॅलेसचं!" जिंकणाऱ्याचं नाव, आणि पुढं उद्गारचिन्ह. नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी पान सुटलं. साहेब काही बोलले नाहीत. जाताना माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले.

शहर आवृत्तीसाठी बातमी पुन्हा वाचायला घेतली आणि पोटात गोळा आला. घाईत मी लिहिलं होतं, "हेंडरसनने तीन पेनल्टी अडवल्या." अडवल्या दोनच, सालाहची तर बाहेर गेली होती. शहरासाठी दुरुस्त केलं. आटपाडीची गाडी तोवर गेलेली.

सोमवारी दुपारी कचेरीत फोन आला. जतचा, कॉलेजातला मुलगा असावा, आवाजात जरा भीती. "सर, पेपरात तीन लिहिलंय. सालाहची वर गेली व्हती, अडवली नव्हती."

"बरोबर आहे तुझं. चूक माझी."

"न्हाई, मॅच बघितली म्हणून सांगितलं. मी बी गोलकीपर हाय."

मंगळवारच्या पानावर डावीकडं तळाशी दोन ओळी गेल्या. दुरुस्ती: हेंडरसनने दोन पेनल्टी अडवल्या, सालाहचा फटका बारवरून गेला. डाक आवृत्तीत आधी.