फ्लेक्सवरची मी

गेल्या वर्षी आमच्या देवळाच्या कालोत्सवातल्या नाटकाचा फ्लेक्स नाक्यावर लागला आणि दुसऱ्याच दिवशी डिचोलीहून मावसबहिणीचा फोन. "घरी सगळी बरी आहेत ना गो?" आवाज घाबरलेला. बसमधून जाताना तिला फक्त माझा फोटो दिसला होता आणि बाईंना वाटलं, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली नाटकाचं नाव होतं, पण चेहऱ्यापुढे अक्षरं कोण वाचतो? ताठ मान, घट्ट मिटलेले ओठ, वटारलेले डोळे.

मी अठरा वर्षं उत्सवी नाटकात काम करते. मंडप भरलेला असला तरी जीभ अडखळत नाही. शाळेत चौथीचा वर्ग सांभाळते. पण कुणी मोबाईल जरी समोर धरला तरी माझं लाकूड होतं. यंदा ठरवलं, काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

सेल्फी काढून पाहिले. नाक भज्याएवढं. ते सोडून दिलं आणि शहरातल्या एका स्टुडिओत गेले. तिथेच माझं घोडं अडलं.

आत एक फिरतं स्टूल, मागे पांढरा पडदा, खुंटीला सगळ्या गावाने घातलेला एक काळा कोट आणि आरशाखाली दात पडलेला कंगवा. केस उडतात म्हणून पंखा बंद. मे महिना. छत्रीतला दिवा तोंडावर. बाकावर ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेली चार पोरं बसलेली, त्यांतली दोन माझीच, गेल्या वर्षीची. बाईंची फजिती बघायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

"मान उजवीकडे. तुमच्या नव्हे, माझ्या उजवीकडे. हनुवटी खाली. एवढी नको. खांदे सैल. बाई, मात्शें हांसात मगे!"

मी हसले. स्टुडिओवाल्याने स्क्रीन दाखवली. ओठ हसत होते, डोळे परीक्षेला बसले होते. पुन्हा. "नॅचरल हसा." नॅचरल कसं हसायचं हे त्याला विचारलं तर म्हणाला, "काही तरी आनंदाचं आठवा." घामाने पदर भिजलेला, मागे पोरं खुसखुसताहेत, मला आनंदाचं एकच आठवत होतं, पंखा. दर फोटोनंतर तो स्क्रीन पुढे करायचा आणि दर वेळी मी आणखी आखडायची. पाऊण तास. शेवटी "येता, येता, कंप्युटरार करतां" म्हणत मला उठवलं आणि शंभर रुपयांत आठ प्रती हातावर ठेवल्या. गिलावा केल्यासारखे गाल, आणि हनुवटीवरचा तीळ गायब. तो तीळ आईचा आहे. तिच्या हनुवटीवर होता, माझ्याही आहे. त्याला परत लावायला सांगितलं तर म्हणाला, आता सेव्ह झालं. पैसे दिले आणि चरफडत कदंबाची बस पकडली.

त्या रविवारी बहिणीचा मुलगा आला. लग्नांचे फोटो काढतो. त्याने आठ प्रती पाहिल्या आणि पहिलं वाक्य बोलला, "मावशी, डोळ्यांभोवतीचा स्नायू हुकमाने हलत नाही." हे म्हणे द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच लिहून ठेवलंय. मग "हसा, हसा" म्हणून ओरडणाऱ्याला काय म्हणायचं?

आधी तो म्हणाला, पणजीला फोंताइन्हासच्या जुन्या वस्तीत जाऊ, पिवळ्या भिंतीपुढे छान येईल. मी नको म्हटलं. तिथले लोक फोटोवाल्यांना इतके विटलेत की दारांवर पाट्या लावल्यात. आपल्या घरच्या सोप्याला, ओसरीला काय झालं? तर सोप्याच्या कडेला सावलीत, तोंड अंगणाकडे. ऊन अंगावर नाही, उजेड मात्र चेहऱ्यावर. दिवा नाही, स्टूल नाही. उभी राहिले, भार एका पायावर. हातात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा दिला. हातांना काम असलं की ते लोंबत नाहीत, हे तर मला नाटकातून कळायला हवं होतं.

मान कासवासारखी किंचित पुढे, मग हनुवटी जराशी खाली. बाजूने बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो, फोटोत जबडा स्वच्छ येतो. डोळे मिटून श्वास सोडायचा, त्याने "तीन" म्हटलं की उघडायचे. हे जमलं. तरीही सगळ्यात उपयोगी पडलं ते वेगळंच. तो म्हणाला, "मावशी, जिजाऊंचा संवाद म्हण." मी म्हटला, अंगणातली कोंबडी पळेपर्यंत. वाक्य संपून श्वास घेते तोवर त्याने पाच-सहा टिपले. रंगमंचावर मला काय करायचं ते ठाऊक असतं; कॅमेऱ्यापुढे काहीच करायचं नसतं, म्हणून घोटाळा. आणि मध्ये एकही फोटो दाखवला नाही त्याने. तुम्हीही बघायला मागू नका.

नंतर पाहिले तेव्हा भांग भलत्या बाजूला वाटला. ती आरशाची सवय. १९७७ च्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो आवडला, मित्रांना मात्र सुलटा. म्हणून फोटो मी निवडला नाही, बहिणीने निवडला. आणि नाकाचं म्हणाल तर तोही हिशेब झालाय: बारा इंचांवरून सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, पाच फुटांवरून तो फरक जवळपास उरत नाही. भाचा आठ पावलं लांब उभा होता.

यंदाचा फ्लेक्स लागलाय. तीळ जागेवर आहे. डिचोलीहून फोन आला, साडी कुठून घेतली म्हणून.

अरे हो, चष्मा राहिलाच. काचेवर उजेड चमकत असेल तर कानावरच्या दांड्या बोटभर वर उचलायच्या, काच खाली झुकते, चमक जाते. स्टुडिओवाल्याने सरळ काढायला लावला होता. माझा नंबर उणे पाच. पाऊण तास मी "हसा" म्हणणाऱ्या एका धुरकट ठिपक्याकडे बघून हसत होते.