थुंकीचा तास आणि उसाचा उतारा

आमच्या तुकडीत सगळ्यात जास्त हशा पिकला, तो विज्ञानाच्या सरांनी परीक्षानळीत थुंकायला सांगितलं तेव्हा. घरून भाताची पेज आणायची, तीत लाळ मिसळायची आणि थोड्या थोड्या वेळाने एक थेंब काढून पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर आयोडीन टाकून बघायचं. पहिला थेंब काळानिळा. सांगलीच्या डिसेंबरातली सकाळ, नळी गार पडलेली. सरांनी ती मुठीत धरून बसायला लावली. मग थेंब तांबूस होत गेला आणि शेवटी आयोडीनचा पिवळसरपणाच उरला. स्टार्च संपला. दुसऱ्या नळीत उकळलेली लाळ होती, तिथे तास संपेपर्यंत काळंनिळंच.

लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्च फोडतं. विकर हा प्रथिनाचा रेणू, उकळला की त्याची घडी विस्कटते, हे तिथेच डोक्यात बसलं. १८९७ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून नुसत्या रसाने साखर आंबवली, हे मात्र मार्कांपुरतं पाठ केलं. पेशी गेली तरी विकराचं काम चालू राहतं, याचा हिशेब पुढे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रोजच मांडावा लागला.

ऊस तुटला तरी कांड्यातलं इन्व्हर्टेज हे विकर थांबत नाही. सुक्रोजचा, म्हणजे उसातल्या साखरेचा, रेणू पाणी घेऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटत राहतो. गाडी उन्हात दोन-तीन दिवस अडकली की रसातली साखर मोजणाऱ्या पोलॅरीमीटरवर आकडा घसरलेला दिसतो. शेतकरी कांडं चावून म्हणतो, "सायेब, रस तर गोडच हाय की!" बरोबरच आहे त्याचं, फुटलेली साखरही गोडच लागते. पण तिचा दाणा पडत नाही, आणि जाताना थोडी चांगली साखरही ती मळीत घेऊन जाते. त्यात तोडीच्या जखमेतून जिवाणू शिरतात. त्यांचं विकर त्याच साखरेचा बुळबुळीत डेक्स्ट्रान करतं. रस तापवला की विकरं निकामी होतात खरी, पण आंबट रस तापला तर विकराशिवायही साखर फुटते, म्हणून आंबटपणा मारायला रसात चुना.

तोड झाली की ऊस त्याच दिवशी काट्यावर आणा, असं मी गावाकडे ज्याला त्याला सांगतो. ऐकणारे मान डोलावतात आणि विचारतात, "आणतो की, पण टोळी आणि गाडी एका दिवशी कोण देतंय?" त्यावर माझ्या लॅबकडे उत्तर नाही.